छोट्या लाइनीचा फुटबॉल

कुर्डुवाडीत गाड्या लोक बदलतात, आम्ही गावकरी बघत बसतो. बार्शी लाइटच्या अडीच फुटी गाडीतून उतरून मोठ्या लाइनीकडं पळणारी माणसं बघतच मी लहानाचा मोठा झालो, आणि इथंच बँकेत क्लार्क झालो. ऑफिसरचं प्रमोशन दोनदा नाकारलं, कारण प्रमोशन म्हणजे बदली. आता सांगा, अशा माणसाच्या पोटी फुटबॉलपटू यावा?

चिरंजीव वय वर्षे १६. परवा त्यांनी कोल्हापूरच्या एका निवड चाचणीचा फॉर्म पुढं ठेवला. खाली ‘पालकाची सही’.

“पुढं काय होणार?”

“प्रोफेशनल. जमलं तर इंग्लंडात. खालची डिव्हिजनसुद्धा चालेल.”

‘खालची’ ऐकून मला जरा आपलेपणा वाटला. तिकडं म्हणे चार पायऱ्यांत ९२ क्लब आहेत, आणि तिसऱ्या पायरीला म्हणतात ‘लीग वन’! मला नवल वाटलं नाही. आपल्या रेल्वेनं १९७४ साली थर्ड क्लास रद्द केला, तेव्हा तिसऱ्याचा दुसरा झालेला आपण पाहिलाच आहे.

सिक्कीमचा बायचुंग भुतिया १९९९ मध्ये याच तिसऱ्या पायरीवर खेळायला गेला, तोही मोठ्या क्लबांनी चाचणी घेऊन परत पाठवल्यावर. क्लबाचं नाव ‘बरी’. नोकरी कशी आहे, असं कुणी विचारलं तर बिचारा काय सांगत असेल? तीन मोसम, ३७ लीग सामने, ३ गोल. आणि २०१९ मध्ये हा बरी क्लबच पैशांच्या घोळात लीगबाहेर काढला गेला.

“म्हणजे खातं बंद,” मी म्हणालो.

“पण बायचुंगनं खेळून घेतलं ना!”

मग आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव निघाला. रिक्षाचालकाचा मुलगा, २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला. पुढं तो सरावासाठी ब्लॅकबर्न रोव्हर्सकडं गेला. हा क्लब १९९५ चा इंग्लंडचा विजेता. २०१० पासून मालक पुण्याचे कोंबडीवाले वेंकीज. २०१७ मध्ये लीग वनला घसरला, पुढच्याच वर्षी वर आला. अंड्यांचे भाव बघितलेल्यांना या चढउताराचं काय!

“मग अनिकेत तिथं मॅच खेळला?”

“नाही, सराव केला. परत येऊन इथं खेळला. जमशेदपूर, मग हैदराबाद...”

“बदल्याच बदल्या!”

चिरंजीव हसले नाहीत. “बाबा, तुम्ही प्रमोशन का नाही घेतलं?”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

“तुझी शाळा होती.”

“पहिल्यांदा नाकारलंत तेव्हा मी जन्मलोच नव्हतो.”

आमच्या बँकेत पोरांपेक्षा ऑडिटर बरे. ते निदान लेखी विचारतात.

फॉर्म तीन दिवस विजेच्या बिलाखाली पडून होता. चौथ्या रात्री सगळे झोपल्यावर बाहेर काढला. २० वर्षं मी दुसऱ्यांच्या सह्या पडताळतोय. त्या रात्रीची माझी सही कुणी काउंटरवर दिली असती, तर ‘सही जुळत नाही’ म्हणून मी परत पाठवली असती.