बाई, त्यांना विचारतात का?
परवा वर्गात मी ऐटीत सांगत होते, "जगातली जंगलं वाचवायला देशोदेशीची सरकारं परिषदा भरवतात." मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, जंगलात राहणाऱ्यांना विचारतात का?"

मला उत्तर येईना! घरी येऊन वाचत बसले. जैवविविधतेचा जागतिक करार झाला १९९२ साली. पण त्यात आदिवासी आणि स्थानिक लोकांसाठी कायमची समिती ठरली २०२४ साली, कोलंबियातल्या काली शहरात. तब्बल ३२ वर्षांनी! आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला मात्र २००९ सालीच जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथली ग्रामसभा सगळ्यांना विचारून निर्णय घेते.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या बागेत काय लावायचं, हे मी सांगितलं नाही. आधी मुलांना विचारलं.