नामंजूर अर्जांची बुकं

आमची बँक एका मोठ्या बँकेत विलीन होणार हे पक्कं झालं आणि संचालक मंडळाला एकदम इतिहासाची आठवण झाली. स्मरणिका काढायचं ठरलं. मी तिथूनच निवृत्त झालेला, त्यात चार ओळी लिहिणारा, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. "संस्थापकांचा फोटो, सगळ्या चेअरमनांचे फोटो, ठेवींचा आलेख. फार खोलात जाऊ नका," अशी सूचनाही मिळाली. मी मात्र स्ट्राँगरूमच्या मागच्या खोलीतली जुनी प्रोसिडिंग बुकं मागवून घेतली.

आमचा भाग खानापूर-आटपाडीचा, कायम दुष्काळी. पावसाच्या भरवशावर पोट भरत नाही म्हणून इथली माणसं गलाईच्या धंद्यात शिरली. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम करत ती देशभर पांगली. मागे राहिली ती शेती, हातमाग, पुढे यंत्रमाग आणि सावकार. मोठ्या बँका तेव्हा असल्या गावांकडे फिरकत नसत. 1969 च्या राष्ट्रीयीकरणाआधीच्या काळाबद्दल सांगतोय. मग पेठेतले दुकानदार, दोन वकील आणि हायस्कुलातले काही मास्तर यांनी मिळून पतसंस्था काढली. शेअर दहा रुपयांचा.

1 मार्च 1966 ला बँकिंग कायदा सहकारी बँकांना लागू झाला. भागभांडवल आणि राखीव निधी मिळून किमान एक लाख असेल तर संस्थेची गणना बँकेत होणार होती. त्या सुमाराच्या बुकात पानापानावर लाखाचा ध्यास दिसतो. प्रत्येक संचालकाने अमुक शेअर खपवावेत, कर्जदाराकडून शेअरची रक्कम आधी कापून घ्यावी, असे ठराव. रिझर्व्ह बँक आणि सहकार खातं असे दोन मालक तेव्हापासून डोक्यावर बसले. तपासणीला एक आला की दुसऱ्याची आठवण सांगायची, ही युक्ती आम्ही पुढे बरीच वर्षं चालवली.

पण मी रमलो ते 'कर्ज अर्जांचा विचार करणे' या विषयात. मंजूर अर्जाची एका ओळीत बोळवण. नामंजूर झालेल्याची मात्र सविस्तर हकिगत. एका कापडवाल्याचा अर्ज परत गेला, कारण त्याच्या एका जामीनदाराचा भाऊ आधीच थकबाकीत होता आणि दोघांची चूल एक होती. एकाने मागासाठी पैसे मागितले. 'माग आहे, पण चालवायला माणूस नाही, मुलगा गलाईला मद्रासला गेला' असा शेरा. एका संचालकाच्या पुतण्याचा अर्ज आला तेव्हा 'संबंधित संचालक चर्चेच्या वेळी बाहेर थांबले' अशी नोंद आहे, आणि खाली सूचक-अनुमोदकासह नामंजुरी! उलट स्टँडवरच्या चहावाल्याला विनातारण कर्ज दिलं, कारण पिग्मी एजंटाने सांगितलं की याचा रोजचा भरणा कधी चुकत नाही. गावात कोणाची चूल कशी पेटते हे ठाऊक असणं, हीच आमची खरी पत तपासणी होती.

या माहितीची काळी बाजूही त्याच बुकांत आहे. काही वस्त्यांतले अर्ज 'योग्य जामीनदार नाही' म्हणून परत जात राहिले. त्यांना जामीनदार का मिळत नव्हता हे टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. कागदावर मात्र ते कधीच आलं नाही. बायकांचे अर्ज तर सुरुवातीच्या बुकांत शोधावे लागतात. आणल्या असतील त्यांनी पाटल्या, पण तारणपावती नवऱ्याच्या नावाने.

सोनेतारणाचा कारभार मात्र आमच्याकडे झकास चाले. कर्ज घ्यायला येणारा बहुधा गलाईवाल्याच्या घरातलाच असे. बँकेचा सराफ कसोटीवर रेघ ओढायच्या आत समोरची म्हातारी टंच सांगून मोकळी होई. मग वजन, लाखेचं सील, पाकिटावर दोघांच्या सह्या.

2001 मध्ये गुजरातमधली माधवपुरा मर्कंटाइल बँक बुडाली. केतन पारेखच्या शेअरबाजारी व्यवहारांत तिचे पैसे अडकले होते. आमचा तिच्याशी छदामाचा संबंध नव्हता, पण पेपरात बातमी आल्यावर सहकारी बँक म्हटलं की लोक बिचकायला लागले. मी काउंटरला होतो. पासबुकं घेऊन रांग लागली. चेअरमननी कॅशियरला सांगितलं की नोटांची बंडलं आत नको, लोकांना दिसतील अशी रचा. स्वतः खुर्ची घेऊन दारात बसले आणि येणाऱ्याला "काढा की, आण्णा, तुमचेच आहेत," म्हणत राहिले. ठेवीला विम्याचं संरक्षण तेव्हा एक लाखापर्यंतच होतं (पाच लाख झालं ते 2020 मध्ये). दुपारनंतर निम्मी माणसं स्लिप फाडून घरी गेली.

त्यानंतरची प्रोसिडिंग बुकं संगणकावर छापलेली, स्वच्छ आणि वाचायला अगदी कंटाळवाणी. अर्ज मोठे झाले आणि हकिगती आटल्या. 'अ.क्र. 1 ते 14 सर्वानुमते मंजूर.' 2003 मध्ये रिझर्व्ह बँकेने संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज द्यायला बंदी केली. मग ड्रायव्हर, दिवाणजी, भागीदार अशा नावांनी अर्ज यायला लागले. आता चर्चेच्या वेळी कोणी बाहेर थांबत नव्हतं. कॅश क्रेडिटची ती खाती पुढे एनपीएत गेली, सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखले निघाले आणि कर्जदार सोडून जामीनदाराच्या, म्हणजे एखाद्या मास्तराच्या, पगारातून कपात सुरू झाली. नुसत्या बाहेरच्या घोटाळ्यांनी बँका खचल्या असं म्हणणाऱ्यांनी ही पानं वाचावीत.

हे सगळं मी स्मरणिकेसाठी लिहून दिलं. माजी मॅनेजर भले गृहस्थ. "साहेब, चहावाल्याचं ठेवू, पुतण्याचंही ठेवू. चौदा अर्जांचं काढा," म्हणाले. निघालं. त्या जागी सिमेंटच्या डीलरची पूर्ण पान जाहिरात आली.

विलीनीकरणानंतर ओळखीच्या एका यंत्रमागवाल्याने नव्या बँकेत अर्ज केला. वडिलांपासूनचं खातं. मोबाइलवर नकाराचा मेसेज आला, कारण काही नाही. तो माझ्याकडे विचारायला आला. मी शाखेत फोन लावला, तिथला मुलगा फार अदबीने बोलला आणि म्हणाला, "सर, ते मुख्य कार्यालयातून ठरतं, आम्हालाही दिसत नाही."