रिद्धपूरचे रोडगे

प्रवासास निघावयाचें ठरलें म्हणजे आमच्या घरीं पहिली चर्चा गाडीच्या वेळेची होत नाहीं, डब्याची होते. तीन पिढ्या एके ठिकाणीं नांदत असल्यामुळें या विषयावर मतेंही तीन आहेत. मुलांना वाटेंत जें दिसेल तें हवें असतें. आम्हां मधल्या माणसांना जागा स्वच्छ दिसली म्हणजे पुरतें. आणि आत्याबाई, ज्यांना यंदा एकोणऐंशीवें वर्ष लागलें, त्या बाहेरचें पाणीही घेत नाहींत. गेल्या उन्हाळ्यांत हमरस्त्यावरील एका मोठ्या, झगझगीत उपाहारगृहांत आम्ही जेवलों आणि दुसऱ्या दिवशीं घरांतील धाकट्या मुलीस सलाईन लावावें लागलें. भात सकाळचा होता. दुपारीं तीन वाजतां फोडणीचा होऊन तो आमच्या पानांत आला होता. हें वाढप्यानेंच बोलतां बोलतां सांगितलें, पण तोंवर जेवण झालें होतें. शिजलेला भात तासन् तास तसाच राहिला म्हणजे त्यांत बॅसिलस सीरियस नांवाचे जंतू वाढतात, आणि त्यांनीं सोडलेलें विष पुन्हां गरम केल्यानेंही जात नाहीं, हें डॉक्टरांनीं आम्हांस त्या वेळीं समजावून दिलें. तेव्हांपासून घरांत आत्याबाईंच्या पक्षाला बरेंच बळ आलें आहे.

पोटाचें कारण खरें आहे. परंतु आत्याबाईंचें तें एकच कारण नव्हे, हेंही घरांत सर्वांस ठाऊक आहे, आणि तें कोणी बोलून दाखवीत नाहीं.

अशा स्थितींत मार्गशीर्षांत रिद्धपूरला जाण्याचें निघालें. रिद्धपूर हें अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यांतील गांव. म्हाइंभटानें लीळाचरित्र येथें, वाजेश्वरीच्या स्थानीं, तेराव्या शतकाच्या शेवटच्या पादांत सिद्ध केलें. महदाइसेचे धवळेही येथलेच. २०२४ सालीं मराठी भाषा विद्यापीठ येथें सुरू झालें आणि त्याच वर्षीं ३ ऑक्टोबर रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमच्यापैकीं मराठी शिकविण्याचा व्यवसाय करणाऱ्यांस हें गांव एकदां पाहावयाचेंच होतें. आत्याबाईंनीं येण्याचें कबूल केलें तें मात्र स्वतःचा डबा स्वतः करण्याच्या अटीवर.

त्या डब्याविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. त्यांत दशम्या होत्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी होती, गुळांबा होता. दशमीची कणीक पाण्यांत न भिजवितां दुधांत भिजवितात, कारण पाण्यांत भिजवून शिजविलेलें तें खरकटें आणि दुधांतलें तें प्रवासास चालणारें, असा आपल्याकडील जुना दंडक. हा दंडक घालणाऱ्यांच्या मनांत काय होतें तें असो. व्यवहारांत त्यामुळें झालें असें कीं, प्रवासांत आपल्या लोकांनीं भात-वरणासारखें ओलें अन्न बाळगलेंच नाहीं. नीट भाजलेली दशमी थंडीच्या दिवसांत दोन दिवस सहज टिकते, मऊ राहते, आणि हातपाय धुण्यापुरतें पाणी मिळालें तरी जेवण होतें. आमच्या मुलांच्या पिशवींतील रंगीत पुडकीं याहून अधिक टिकतात हें खरें, पण त्यांवर छापलेली घटकांची यादी वाचावयास घेतली तर स्टेशन येऊन जातें.

रात्रीच्या गाडीनें निघून सकाळीं शेगांव गांठलें. शेगांवची कचोरी १९५० च्या सुमारास पंजाबांतून आलेल्या तीरथराम शर्मा यांनीं स्टेशनावर सुरू केली, आणि आतां त्या गांवाचें नांव घेतलें कीं गजाननमहाराजांच्या पाठोपाठ तिचें नांव निघतें. आम्ही ती घेतली. बोटांस चटका बसेल तरच घ्यावी, एरवीं नाहीं, एवढा एकच नियम आम्ही तळलेल्या पदार्थांस लावतों. तळणीच्या तेलांतील ध्रुवीय संयुगें शेंकडा २५ हून अधिक झालीं तर तें तेल वापरूं नये, असा सरकारी नियम १ जुलै २०१८ पासून आहे. पण फलाटावर तें मोजणार कोण? डोळ्यांनीं तेलाचा रंग आणि नाकानें वास, हीच आपली प्रयोगशाळा. आत्याबाईंनीं खिडकींतून अकोल्याकडील कपाशीचीं शेतें पाहत दशमी खाल्ली.

बडनेऱ्यास उतरून मोटारीनें अमरावतीवरून रिद्धपूरला पोहोंचावयास फार वेळ लागला नाहीं. वाटेंत दोहों बाजूंस संत्र्याच्या बागा लागतात. जगांत नागपुरी म्हणून विकलीं जाणारीं संत्रीं पुष्कळशीं या मोर्शी-वरूड भागांतलींच. साल थोडी हिरवी असली तरी फळ आंबटच असेल असें नाहीं, ही गोष्ट शहरांत राहून आम्हांस इतक्या वर्षांत कोणीं सांगितली नव्हती.

गांवांत शिरल्यावर जो भेटतो तो दंडवत प्रणाम म्हणतो. राजमठ, यक्षदेव मठ, पोथ्यांचा संग्रह, हें सर्व आम्ही पाहिलें; त्याचें वर्णन अन्यत्र विपुल आहे. आमचें मन गुंतलें तें श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्रांत. चक्रधरस्वामींचे हे गुरु. गांव त्यांस गुंडम राऊळ म्हणे, कांहीं वेडेही म्हणत. त्यांचें चरित्रही म्हाइंभटाचेंच, वि. भि. कोलते यांनीं तें संपादून प्रसिद्ध केलें आणि ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीचें इंग्रजी भाषांतर १९८४ सालीं निघालें. हा ग्रंथ उघडावा तर पानोपानीं जेवणखाण. प्रभु हव्या त्या घरांत शिरतात, भांड्यांत हात घालतात, आवडलें तें खातात, न आवडलें तर रागावतात. बाजारांत दुकानापुढें उभे राहतात. महदाइसेकडे धिरड्याचा हट्ट धरतात. एखादें लाडकें मूल घरभर जसें वागेल तसे ते सगळ्या गांवभर वागले, आणि गांवानेंही त्यांचे लाड पुरविले.

गांवाला खुपलें तें वेगळेंच. जन्मानें काण्व ब्राह्मण असलेले हे राऊळ मातंगांच्या घरींही तसेच जात आणि तेथून निघून ब्राह्मणांच्या घरीं शिरत. याची कुरबुर झाल्याचें चरित्रांत नमूद आहे. मातंगांस पाणी नव्हतें तेव्हां विहीर कोठें खणावी हें त्यांनींच दाखविल्याचीही लीळा आहे. राजमठांत बसून हें सर्व आम्ही मोठ्यानें वाचीत होतों. आत्याबाई भिंतीस टेकून ऐकत होत्या. धिरड्याच्या लीळेला त्या मनापासून हंसल्या. पुढची ऐकल्यावर कांहीं बोलल्या नाहींत.

दुपारचें जेवण ओळखीच्या एका बागाईतदारांकडे होतें. मंडळी महानुभाव पंथाची, त्यामुळें घर शाकाहारी. घरांत पानें न मांडतां त्यांनीं आम्हांस वावरांतच नेलें, कारण बेत रोडग्यांचा होता. वऱ्हाडांत रोडगे हे सण, नवस आणि पाहुणे या तिन्हीं प्रसंगांचें अन्न आहे. जवळच चांदूरबाजार तालुक्यांत बहिरमची यात्रा २० डिसेंबरपासून भरते, तेथें महिनाभर रोडग्यांचा धूर निघत असतो.

आपल्या शहरी भगिनी हल्लीं घरीं पाव आणि केक भाजूं लागल्या आहेत, आणि भट्टी हें जणूं परदेशांतून आलेलें शास्त्र आहे अशी त्यांची समजूत दिसते. पाव हा शब्द पोर्तुगिजांचा, हें बरोबर. पण पीठ भाजण्याची विद्या वऱ्हाडच्या बायकांना कोणीं शिकविली नाहीं. गहूं जाडसर, रवाळ दळून आणलेला. त्यांत मीठ, ओवा आणि कढत तेलाचें मोहन. पाणी अगदीं बेताचें. घट्ट कणकेच्या लहान लहान पुऱ्या लाटून, तेलाचें बोट लावून, एकीवर एक ठेवून त्यांभोंवतीं शेवटची पुरी गुंडाळावयाची आणि गोळा वळावयाचा. त्यामुळें आंत पदर सुटतात. तिकडे गोवऱ्यांचा ढीग पेटवून ठेवलेला असतो. ज्वाळ पूर्ण बसूं द्यावी लागते, हें महत्त्वाचें. ज्वाळेवर टाकलेला रोडगा बाहेरून करपतो आणि आंत कच्चा राहतो. निखारा धुमसूं लागला कीं रोडगे त्यांत मांडून वर तोच निखारा आणि राख ओढतात. धुमसत्या गोवरीची आंच मंद आणि सर्व बाजूंनीं सारखी असते, आणि राखेचें पांघरूण ती निसटूं देत नाहीं. उत्तम भट्टीकडून याहून अधिक काय मागतात? राजस्थानची बाटी आणि बिहारची लिट्टी या याच कुळांतल्या.

दुसऱ्या चुलीवर सोलेवांगें शिजत होतें. तुरीच्या हिरव्या शेंगांचे ताजे सोले आणि झाडावरून तासापूर्वीं तोडलेलीं वांगीं. वर तेलाचा लाल तवंग. बाजूस चिंच-गुळाचें आंबट वरण.

आमच्यांतील बहुतेक मंडळी बागेंत संत्रीं तोडण्यांत दंग झालीं. आत्याबाई मात्र गोवऱ्यांपाशीं उभ्या. त्यांची पिशवी, म्हणजे उरलेल्या दशम्यांचा डबा, त्यांच्या हातांत होता. यजमानीणबाई कणीक वळीत होत्या, त्यांना आत्याबाईंनीं प्रश्न विचारावयास सुरुवात केली. गहूं कोणता? दळून किती दिवस झाले? पाणी कोठलें? बाईंनीं हात न थांबवितां उत्तरें दिलीं. गहूं घरचा, दळण कालचें, पाणी या विहिरीचें. निखाऱ्यांतून काढलेले रोडगे फडक्यांत घेऊन राख झाडली, मुठीनें दाबून फोडले तेव्हां आंतून वाफ निघाली. पानें मांडलीं. आत्याबाई आपला डबा उघडूं लागल्या, तेव्हां बाई म्हणाल्या, "घ्या नं माय, गरम हाय तोवर खाऊन घ्या. तुमच्यासमोरच तर केलं सारं."

आम्ही सर्वांनीं आपापल्या पानांकडे पाहिलें. अशा वेळीं आग्रह केला तर काम बिघडतें, हा आमचा अनुभव आहे.

"अर्धाच वाढा," आत्याबाई म्हणाल्या. थोड्या वेळानें त्यांनीं तूप मागितलें, आणि मग उरलेला अर्धाही.

परततांना गाडींत आम्ही या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. आपल्या आजी-पणजींच्या सोवळ्यांत दोन निराळ्या वस्तु एका गांठींत बांधलेल्या होत्या. धुतलेलें वस्त्र, धुतलेले हात, झांकलेलें पाणी, शिळ्याला मज्जाव, ही एक. तिच्यावर आजचा कोणताही आरोग्याधिकारी सही करील. हात कोणाचा, ही दुसरी. पुण्यांत १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें चहा-बिस्किटें पुढें आलीं, त्या सभेस टिळक आणि रानडे यांच्यासारखे लोक उपस्थित होते. त्यावरून ग्रामण्य माजलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, प्रायश्चित्तें झालीं. त्या साऱ्या वादांत बिस्किट ताजें होतें कीं शिळें, हें कोणींच विचारलें नाहीं! आणि आमच्या झगझगीत उपाहारगृहांत हात कोणाचा हें कोणीं विचारीत नाहीं, पण भात कधींचा हेंही विचारीत नाहीं. आत्याबाईंनीं गोवऱ्यांपाशीं जे प्रश्न विचारले ते सर्व पहिल्या वस्तूविषयींचे होते. दुसरीविषयीं त्यांनीं विचारलें नाहीं. राजमठांत ऐकलेल्या लीळांचा त्याच्याशीं संबंध होता कीं नुसत्या भुकेचा आणि वासाचा, हें आम्ही त्यांना विचारलेलें नाहीं आणि विचारणारही नाहीं.

निघतांना बाईंनीं फडक्यांत सहा रोडगे बांधून दिले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं गाडींत ते गुळाबरोबर उत्तम लागले. दशम्या मुलांनीं संपविल्या.

घरीं आल्यावर प्रयोग सुरू झाले. फ्लॅटमध्यें गोवऱ्या पेटवितां येत नाहींत, म्हणून विजेच्या भट्टींत १८० अंशांवर भाजले. पहिली खेप बाजारच्या बारीक कणकेची. तिचे धोंडे झाले. दुसऱ्या वेळीं अर्धा किलो कणकेंत मूठभर रवा घालून, मोठे चार चमचे कढत मोहन दिलें आणि जाड बुडाच्या भांड्यांत झांकण लावून पाऊण तास ठेवले, शेवटचीं दहा मिनिटें झांकण काढून. पदर सुटले, पण धुराचा वास नाहीं. आत्याबाईंनीं फोनवर यजमानीणबाईंना विचारलें. त्यांनीं सांगितलें कीं वासाचें तुमच्याकडे जमणार नाहीं, तो नाद सोडा. दळण मात्र बदला. तेव्हां पुढील दळणाच्या वेळीं गिरणीवाल्यास पाट ढिला ठेवावयास सांगितलें आहे, आणि तो नीट ढिला ठेवतो कीं नाहीं हें पाहावयास आत्याबाई स्वतः जाणार आहेत.