चेन्नईत जुनी लेन्स घेताना

चेन्नई सेंट्रलवर गाडीतून उतरताच शर्ट पाठीला चिकटतो. समुद्राकाठची ही दमट हवा माणसाला एकवेळ मानवेल, कॅमेऱ्याच्या लेन्सला मात्र मुळीच नाही. म्हणूनच अण्णा सालईलगत रिची स्ट्रीटच्या गजबजाटात किंवा आणखी कुठं स्वस्तातली जुनी झूम लेन्स दिसली, की जाणकार गिऱ्हाईक किमतीआधी खिशातला टॉर्च काढतं.

एका बाजूनं उजेड टाकायचा, दुसरीकडून तिरकं पाहायचं. धुळीचे चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी! काचेवरचा लेप ती खाते. साफ करूनही डाग उरतो.

निकॉनची ३५-७० एफ २.८ घ्या. १९८७ साली आलेली ही दणकट लेन्स लग्नाच्या हॉलमधल्या अंधुक उजेडातही कामाला येते आणि नव्या २.८ झूमच्या मानानं खूपच स्वस्त पडते. मात्र हिच्या आतल्या काचेवर धुरकट पडदा धरतो, ही जुनी तक्रार. शिवाय हिच्यात मोटर नाही. डी ५००० सारख्या बॉडीवर फोकस हातानं करावा लागतो, डी ७००० वर आपोआप होतो. घरात रांगतं मूल असेल, तर हा फरक लहान नाही.

दुकानदार तासाभरासाठी लेन्स देत असेल, तर जवळच एग्मोर स्टेशनची लाल-पांढरी इमारत आहे. समोरून, सरळ उभं राहून एक फोटो एफ २.८ वर, एक एफ ८ वर काढावा. एफ ८ वरही एकच कोपरा पुसट आला, तर लेन्स कधीतरी आपटलेली असणार.

खरी अडचण कळते मैलापूरला. कपालीश्वर मंदिराचं पूर्वेचं गोपुर सुमारे १२० फूट उंच. छोट्या सेन्सरवर ३५ चे जवळजवळ ५२ होतात आणि समोरच्या गल्लीत कितीही मागं सरका, कळस तरी कापला जातो नाहीतर दार तरी. पश्चिमेला तलावापलीकडून मात्र तिकडचं धाकटं गोपुर पाण्यासकट छान बसतं. प्रवासात देवळंच टिपायची असतील, तर १८-५५ ची साधी लेन्स बरी. माणसांचे चेहरे टिपायचे असतील, तर ही जुनीच.

इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. तेव्हा लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. चामडं ओल धरतं. लेन्सबरोबर मिळणारी जुनी चामडी पेटी दुकानातच सोडलेली बरी.