लमाणी : पाहा गोरमाटी

एका छोट्याशा कोशासाठी मी ‘लमाणी भाषा’ ही नोंद लिहायला घेतली, तेव्हा मथळ्याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. संपादकांचा दंडकच होता : मराठी वाचकाला ठाऊक असलेले नाव घ्यावे व पुढे ‘भाषा’ जोडावे. दंडकात शहाणपण आहे. नुसते ‘गुजराती’ म्हटले, तर माणूस, बोली की थाळी, हे वाचकाने कसे ओळखावे?

ग्रंथ उपसू लागलो. ग्रियर्सनने १९०७ च्या खंडात तिला ‘बंजारी किंवा लभाणी’ म्हटले आहे. कर्नाटकात ती लंबाणी, तेलंगणात लंबाडी. २०११ च्या जनगणनेत तर बंजारी १५ लाखांवर आणि लमाणी-लंबाडी ३२ लाखांवर, अशा दोन निराळ्या मातृभाषा. आणि दोन्ही हिंदीच्या पोटात! सख्ख्या बहिणींना दोन आडनावे लावून तिसऱ्याच्याच शिधापत्रिकेवर चढवावे, तशी गत.

गेल्या हंगामात बारामतीहून इंदापूरला जाताना भवानीनगरला उतरलो. रस्त्याकडेला ऊसतोडीच्या कोप्या होत्या. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे आईबाप तिथे उतरले होते. प्रवेशअर्जावर त्याने मातृभाषा ‘मराठी’ लिहिलेली मला आठवत होती. आईबाप फडावर, कोपीत आजी भाकरी थापीत होती.

“आजी, तुमची भाषा कोणती?”

“गोरमाटी.”

“लोक लमाणी म्हणतात ना?”

“लोक म्हणतात,” आजी म्हणाली आणि भाकरी उलटली.

लवण वाहणारे ते लमाण, असे आम्ही वर्गात सांगतो. रेल्वे आली, बैलांचे तांडे थांबले, मीठ गेले. दुसऱ्यांनी धंद्यावरून ठेवलेले नाव तेवढे उरले. आणि मी तेच ठळक टाइपात घालायला निघालो होतो.

“सर,” मुलाने हळूच विचारले, “कोशात मी माझी भाषा ‘ग’मध्ये शोधली, तर सापडेल का?”

मी काय बोलणार? विषय बदलावा म्हणून म्हटले, “आमच्यासारख्यांना तुम्ही काय म्हणता?”

“कोर. गोर नाही तो कोर.”

चाळीस वर्षे उलटलेल्या एम.ए. झालेल्या माणसाला आपली नोंद दुसऱ्याच्या कोशात काय नावाने आहे, ते त्या दिवशी कळले!

रात्रीच संपादकांना लिहिले : मुख्य नोंद ‘गोरमाटी’, लमाणी, बंजारी, लंबाडी यांच्यापुढे ‘पाहा’. उलट टपाली उत्तर आले, “वाचक गोंधळेल.” मी कळवले, “गोंधळू द्या, ‘पाहा’ त्यासाठीच असते.” त्यावर अजून पत्र नाही.

मुलगा मात्र परवा मिस्किलपणे विचारीत होता, “सर, मग मराठीच्या नोंदीत ‘कोरांची बोली’ असं कंसात घालणार ना?”