टीसीएल, विंचू आणि सावित्री

पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामपंचायतीत पहिली चौकशी टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची. हजार लिटर पाण्याला ५ ग्रॅम पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी विहिरीत सोडायची आणि अर्धा तास पाणी उपसायचं नाही. काम एवढंच. पण पोतं ओलसर खोलीत उघडं राहिलं की क्लोरीन उडून जातो आणि उरतो नुसता चुना. पाण्यातला क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टला पाणी पिवळं होत नाही तेव्हा ते कळतं. ही टेस्ट टाकीपाशी करून भागत नाही, शेवटच्या नळाला करावी लागते. रायगडमधल्या पोलादपूरच्या वाड्यांमध्ये शेवटचा नळ म्हणजे चढणीवरचं घर. तिथवर जायचा कंटाळा येतो, हे उघड आहे.

*

पाण्याच्या स्रोतांच्या तपासणीवर गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं मिळालं की चंदेरी. योजना चांगली. फक्त जुलैत धो धो पाऊस झेलणाऱ्या याच वाड्या मे महिन्यात टँकरची वाट बघतात. त्या टँकरमध्ये टीसीएल कोणी टाकायची, भरणाऱ्याने की उतरवून घेणाऱ्याने?

*

शेजारच्या महाडचं नाव पाण्याशी कायमचं जोडलं गेलं ते २० मार्च १९२७ रोजी. नगरपालिकेने १९२४ मध्येच ठराव करून खुल्या केलेल्या चवदार तळ्यावर बाबासाहेब पाणी प्यायले, मग सनातन्यांनी तळं ‘शुद्ध’ केलं ते शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी ओतून. आरोग्य खात्याच्या भाषेत याला स्रोत दूषित करणं म्हणतात.

*

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं, पोरं, डोळ्यांदेखत जात होती. दरदरून घाम, बर्फासारखे हातपाय, वाढलेला रक्तदाब, मग छातीत घरघर आणि तोंडाला गुलाबी फेस. बावस्कर खाटेशी बसून हे सगळं तासातासाने लिहीत राहिले. त्या नोंदींतून क्रम उलगडला: विषामुळे शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. मग रक्तदाबावरची साधी प्राझोसिनची गोळी त्यांनी वापरून पाहिली. शंभरातले चाळीसेक दगावत होते, ते प्रमाण एका टक्क्यावर आलं. ‘लॅन्सेट’मध्ये महाडचा पत्ता छापून आला. डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात बरोबरीने होत्या. गोळीच्या जोडीला विंचवाची प्रतिलस दिली तर रुग्ण लवकर सावरतो, हे दोघांनी २०११ मध्ये ‘बीएमजे’त मांडलं. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये.

मला यात औषधाइतकंच महत्त्व त्या लिहिण्याला वाटतं. मोठी प्रयोगशाळा नव्हती. कागद होता आणि रात्रभर जागायची तयारी होती.

विंचू येतो कुठून, हा प्रश्न मात्र घराचा आहे. रचलेले दगड, सरपण, पेंढा, भेगाळलेली भिंत, कोपऱ्यातली चप्पल. जमिनीवर अंथरूण घालणाऱ्याला तो आधी चावतो.

*

सापांबद्दल दोन गोष्टी. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला: २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर. नोव्हेंबरमध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की सर्पदंश नोंदणीयोग्य आजार करा. म्हणजे खाजगी दवाखान्यांनाही रुग्ण कळवणं बंधनकारक. मांत्रिकाकडे गेलेला तरीही वहीबाहेरच राहणार.

घोणस किंवा फुरसं चावल्याचा संशय असेल तर कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन ती वीस मिनिटं न हलवता ठेवायची, मग तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल तर विष भिनलंय. नळी प्लास्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेलीही नाही. आता काचेच्या नळ्या आरोग्य केंद्रात शोधाव्या लागतात.

*

जुलै २०२१. २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस. सावित्री नदी तिथेच उगम पावते, त्यामुळे तिच्या काठचं महाड बुडालं. महाड तालुक्यातलं तळिये गाव २२ तारखेला दरडीखाली गेलं. पूर ओसरल्यावर चिखल उपसणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. पायाला जखम असेल तर गमबूट घाला आणि डॉक्सिसायक्लिनबद्दल डॉक्टरांना लगेच विचारा. ताप यायची वाट बघू नका.

*

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते. त्यांत सावित्रीही होती. गट पाडले ते बीओडीवर, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्यावर. सांडपाण्याला हे माप ठीक. महाडच्या एमआयडीसीत रसायनं आणि औषधं बनतात. तिथल्या सॉल्व्हंटबद्दल किंवा जड धातूंबद्दल बीओडी फारसं काही सांगत नाही. नदीचे आकडे प्रदूषण मंडळाकडे, कामगारांची तपासणी कारखान्यांच्या खात्याकडे, खोकला आणि खाज आरोग्य केंद्राकडे. तिन्ही वह्या एका टेबलावर आल्याशिवाय कोणाचा त्रास कशामुळे हे सिद्ध होणार नाही, आणि तोवर प्रत्येकाला हात झटकता येतील.

सुरुवात आरोग्य केंद्रातूनच होऊ शकते. बिरवाडी-महाड पट्ट्यातल्या डॉक्टरांनी केसपेपरवर नाव, वय, पत्त्याखाली आणखी दोन ओळी लिहाव्यात: पाणी कुठलं पितो आणि काम कुठे करतो.