शेगडीला पंखा

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे रान होते. पहिला दिवस वाटे करण्यात, ते घरोघरी पोहोचवण्यात आणि कलेजीत संपतो. रान म्हणजे बकऱ्याची अख्खी मांडी. कच्ची पपई, दही, आलं-लसूण लावून ती रात्रभर मुरवायची आणि मग कोळशाच्या मंद आचेवर पाच तास ठेवायची. हे पाच तास आजवर अम्मींचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे असत. हातात पंखा, नाकावर पदर. अम्मींना दमा आहे. डॉक्टरांनी धुराजवळ बसायला सक्त मनाई केली. अम्मींनी ते ऐकून घेतले आणि घरी आल्यावर विचारले, "मग रान कोण बघणार?"

प्रश्न खरा होता. मी भाषा शिकवते. 'दम' हा फारसी शब्द मुलांना सांगताना मी नेहमी म्हणते, दम म्हणजे श्वास; दम बिर्याणीतला दम तोच आणि दमाही त्यातूनच आला. पण आच कधी वाढवायची, कधी दाबायची, हे शब्द फोडून कळत नाही. ते अम्मींना कळते.

धाकट्या दिरांनी नाशिकहून झाकणाची गोल शेगडी आणून दिली होती. या आकाराची कथा गमतीची आहे. १९५२ साली अमेरिकेत जॉर्ज स्टीफन नावाच्या गृहस्थाने पाण्यावर तरंगणाऱ्या लोखंडी बोयाचा गोळा कापून अशी पहिली शेगडी केली. झाकण लावले की आतली आच हवेवर ठरते. खालच्या झडपांतून जितकी हवा शिरेल तितका कोळसा पेटेल. म्हणजे अम्मी हाताने जे करतात ते हवा मोजून करता येईल, असे आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचे म्हणणे पडले.

जुन्या कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा पंखा घरात होताच. तापमान पाहून पंखा चालू-बंद करणारा कंट्रोलर मागवला. इथे एक सांगते. अंडी उबवण्याच्या पेटीला लावतात तो कंट्रोलर स्वस्त मिळतो, पण तो सहसा ११० अंशांपर्यंतच मोजतो. रानला १२० लागते, म्हणून थर्मोकपलचा घ्यावा. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांची टोके जोडलेली. टोक तापले की अगदी सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो आणि त्यावरून अंश कळतात. विंचूरच्या वेल्डिंगवाल्याने खालच्या एका झडपेला हातभर लोखंडी पाइप जोडून दिला. पंखा प्लॅस्टिकचा, शेगडीला चिकटवला तर वितळेल. बाकीच्या झडपा बंद, वरची किंचित उघडी. विजेचा भरवसा नाही, म्हणून फवारणी पंपाची बॅटरी जोडली. द्राक्षवाल्या गावात ती मागायला फार लांब जावे लागत नाही आणि एवढ्याशा पंख्याला दिवसभर पुरून उरते.

ईदआधीच्या रविवारी चाचणी घेतली. यांनी उत्साहाने पाटीभर बाभळीचा कोळसा लालबुंद पेटवला आणि झाकण लावले. आकडा १२० ओलांडून १९० वर गेला. पंखा कधीच बंद झाला होता, तरी आकडा हलेना. सगळे कंट्रोलरकडे संशयाने बघू लागले. ओट्यावरून अम्मी म्हणाल्या, "पंखा आग वाढवेल, विझवेल कसा? कच्चा कोळसा खाली ठेव, वर चार निखारे टाक. हळूहळू पेटत जाईल."

अगदी तसेच केले. अर्ध्या तासात आकडा ११५ वर आला, पंखा गुरगुरला, १२० ला थांबला, १२६ पर्यंत जाऊन परत उतरला. मग दुपारभर हाच खेळ. मांसातले चिवट तंतू मऊ व्हायला ही सावकाश ऊब लागते. घाईच्या आगीत वरून करपते आणि आतून रबर राहते.

ईदच्या दुसऱ्या दिवशी शेगडी अंगणाच्या टोकाला मोकळ्या हवेत होती. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही, म्हणून घरात किंवा बंद पडवीत ही शेगडी मुळीच ठेवू नये. अम्मी लांब, खिडकीशी खुर्चीवर. लाल आकडे त्यांना तिथून दिसत नव्हते. नातू दर पंधरा मिनिटांनी ओरडून सांगत होता. पाहुण्या बायकांत बसून त्या बोलत होत्या आणि मधेच थांबून वास घेत होत्या. साडेचार तासांनी म्हणाल्या, "काढा." मी म्हटले, अम्मी, अजून अर्धा तास आहे. त्यांनी नुसते माझ्याकडे बघितले. काढले. हाड हाताने ओढताच सुटून आले.

एक काम राहिले आहे. जूनमध्ये आमच्याकडे वारा सुटतो आणि पंखा बंद असतानाही पाइपमधून आत शिरतो. पाइपच्या तोंडाला पत्र्याची हलकी झडप बसवायची आहे. पंख्याच्या झोताने उघडेल आणि झोत थांबला की आपली आपण पडेल. वेल्डिंगवाल्याला सांगून ठेवले आहे.